ऑटोकॅड उघडायच्या आधी

डिझाइन ऑफिसमध्ये हल्ली नवीन काम आलं की लगेच ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, उघडतात, आणि माझं भांडण तिथेच आहे. सॉफ्टवेअर वाईट नाही हो, १९८२ मध्ये ते आलं आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारणं, चुकलं की ब्लेडने खरवडणं हे सगळं हळूहळू गेलं, ते परत नकोच. पण कॅडमध्ये पहिल्याच रेघेला नेमकी लांबी मिळते, पार मिलिमीटरपर्यंत, आणि कल्पना तेव्हा एवढी पक्की झालेलीच नसते ना! पेन्सिलची रेघ जाड, अंदाजे, जरा वाकडी, म्हणून तिच्यात दोन-तीन शक्यता एकदम राहतात. स्क्रीनवर मात्र अर्धवट विचारसुद्धा फायनल ड्रॉइंगसारखा चकाचक दिसतो, क्लायंट फसतो, आपणही फसतो, मग तो बदलायला कुणी धजावत नाही. वर तयार भाग साठवलेली ब्लॉक लायब्ररी आहेच, जुन्या प्रोजेक्टचा जिना उचलायचा नि नव्यात चिकटवायचा (सोयीचं आहे, मीही करते). गंमत म्हणजे १९६३ च्या आयव्हन सदरलँडच्या स्केचपॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये, लाइट पेनने थेट स्क्रीनवरच काढायचे, हातानेच! ज्युनिअर लोकांना मी एवढंच सांगते, आधी बटर पेपरवर तीनचार पर्याय काढा, स्केलबिल नको, मग लेयर, डायमेन्शन काय ते करत बसा.