घेवड्याच्या सात बरण्या

घेवडा लावला तो बियाण्यासाठी. बरण्यांचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता. जुना सरळ वाण मिळाला होता आणि तो आपल्या हातून टिकावा, एवढीच इच्छा होती. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय उगवेल याचा भरवसा नसतो. सरळ वाण मात्र जसाच्या तसा येतो. त्यात घेवड्याचं परागीभवन फुलाच्या आतल्या आतच उरकतं, म्हणून नवख्या माणसाने सुरुवात इथून करावी असं मला वाटतं. भोपळ्याचं तसं नाही, तिथे मधमाश्या एका वाणाचे पराग दुसऱ्यावर नेऊन टाकतात.

अडचण निराळीच आली. बियाण्याची शेंग वेलावरच वाळू द्यावी लागते, आणि शेंगा जून होऊ लागल्या की वेल नवी फुलं धरायचं कमी करतो. म्हणून दोन जोमदार वेलांना लाल दोरा बांधला आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं. बाकीचे वेल दिवसाआड तोडत राहिले. तोडणीला उशीर झाला की या वाणाच्या शेंगेची शीर दोऱ्यासारखी चिवट होते. एवढ्या शेंगा रोज कोण खाणार? म्हणून प्रेशर कॅनर आणला, म्हणजे भाजी टिकवायला भरलेल्या बरण्या वाफेच्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं.

आणण्याआधी बरंच वाचलं आणि बरं झालं वाचलं. भाजीत आंबटपणा नसतो. अशा भाजीच्या हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात, आणि बरणी उघडल्यावर वासावरून ते कळेलच असं नाही. त्यांचे बीजाणू, म्हणजे त्यांचं टणक सुप्त रूप, उकळत्या पाण्यातही तग धरतात. ते मारायला ११६ अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं आणि ते वाफेच्या दाबाशिवाय मिळत नाही. घरचा कुकर चालेल असं वाटलं होतं, पण तो लवकर तापतो आणि लवकर निवतो. बरण्या किती वेळ तापवायच्या त्या तक्त्यातली मिनिटं ठरवताना मोठ्या भांड्याचा तापण्या-निवण्याचा वेळही धरलेला असतो, म्हणून तो विचार सोडला.

शेंगा निवडल्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, पाच मिनिटं उकळून गरम बरण्यांत भरले. वर अडीच सेंटिमीटर जागा मोकळी सोडली. बरणीच्या कडेने पट्टी फिरवून अडकलेली हवा काढली, काठ ओल्या फडक्याने पुसला. काठावर चिकटलेला एवढासा तुकडाही झाकण बसू देत नाही. कॅनरचं झाकण लावल्यावर दहा मिनिटं वाफ नुसती सोडायची, मगच वाफेच्या तोंडावर शिट्टीसारखं वजन ठेवायचं. आत हवा राहिली तर काटा दाब दाखवतो, पण तापमान तेवढं चढलेलं नसतं. वजनाच्या कॅनरला १० पौंड दाब, समुद्रसपाटीपासून १,००० फुटांच्या वर राहणाऱ्यांना १५, आणि अर्ध्या लिटरच्या बरणीला २० मिनिटं.

सतराव्या मिनिटाला वजन हलायचं थांबलं. आच मी जरा जास्तच कमी केली होती. नियम असा की दाब खाली गेला तर तो परत चढवायचा आणि वेळ शून्यापासून मोजायची. उरलेली तीन मिनिटं देऊन भागत नाही. जीवावर आलं, कारण भाजी गाळ होणार हे दिसत होतं. तरी पुन्हा पूर्ण वीस मिनिटं दिली. नंतर आच बंद करून दाब आपोआप उतरू दिला. त्या वेळी गार पाणी ओतायचा मोह अजिबात होऊ देऊ नये.

दुसऱ्या दिवशी झाकणांवरची कडी काढून एकेक झाकण दाबून पाहिलं. सहा झाकणं आत ओढली गेली होती, जरासुद्धा हलत नव्हती. सातवं बोटाखाली टक् करून खाली गेलं आणि वर आलं. ती बरणी फ्रिजमध्ये गेली आणि आधी संपवली. शेंगा मऊ झाल्या होत्या, पण चव त्याच वेलाची होती.

लाल दोऱ्याच्या शेंगा त्यानंतर बऱ्याच दिवसांनी वाळल्या. हातात धरून हलवली की आत दाणे खुळखुळतात, तेव्हा तोडायची. सोलून दाणे सावलीत पसरले आहेत. नखाने दाबून पाहते, अजून खूण उमटते. उमटायची थांबली की कागदी पुडीत भरेन.