आमची वाटचाल : तीनशे ताटं आणि पाण्याचा टँकर

आमचं सासवडचं दुकान थर्माकोलवर उभं राहिलं, हे आधीच सांगून टाकते. पत्रावळ्या, द्रोण, प्लॅस्टिकचे पेले, चमचे, सगळा माल शेकड्यानं जायचा. धंदा सासऱ्यांनी सुरू केलेला. लग्न होऊन आले आणि वर्षभरात मी गल्ल्यावर बसायला लागले. आपण विकलेली पत्रावळ पुढं कुठं जाते, हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. कऱ्हा नदीच्या पात्रात डोकावलं की पुरे.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर कैद. आमचा माळा तेव्हा मालानं भरलेला. सासरे म्हणाले, "दोन महिन्यांत सगळं थंड होईल बघ." तसं ते झालंही थोडंफार. थर्माकोलच्या जागी चंदेरी कागदी पत्रावळ्या आल्या. गिऱ्हाईक विचारायचं, "हे चालतं ना?" मी म्हणायचे, "कागद आहे."

एका रात्री त्यातली एक पत्रावळ बादलीत भिजत घातली. सकाळी कागदाचा लगदा झालेला, आणि वरचा चकचकीत पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा अख्खा हातात आला. त्यानंतर "कागद आहे" म्हणताना जीभ अडखळायला लागली.

त्या दिवाळीत बचत गटातून कर्ज काढलं आणि पुण्याहून, रविवार पेठेतून, स्टीलची तीनशे ताटं, सहाशे वाट्या, तीनशे पेले आणि चमचे आणले. भाड्यानं द्यायचे. प्रत्येकावर 'पु' कोरून घेतला, पुरंदरचा पु. हौसेनं सगळं केलं आणि तिथंच फसले, कारण माल घेतला तो स्वस्तातला, किलोवर. वर्षाच्या आत ताटांवर तांबूस ठिपके दिसायला लागले. तेव्हा कुठं कळलं की ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०० च्या श्रेणीतल्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्यात आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. आता नवी खरेदी ३०४ चीच करतो. क्षाराचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं जातात, पण गंज एकदा खोल गेला की ताट भंगारात.

पहिली ऑर्डर ओटीभरणाची, दोनशे पानं. भाडं मिळालं, कौतुकही झालं. रात्री मागच्या अंगणात आम्ही दोघी जावा आणि एक मावशी भांडी घासायला बसलो. नळी सोडून दिलेली. टाकीचा तळ दिसला तेव्हा हिशोब केला: ताट, दोन वाट्या, पेला, चमचा मिळून एका पानाला तीन लिटर पाणी! दोनशे पानांना सहाशे लिटर. पुरंदर तालुक्यात. जिथं उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकर येतो, तिथं मी पर्यावरणाच्या नावानं टाकी रिकामी केली होती.

ताटं आणणं सोपं होतं. खरा धंदा धुण्याचा आहे, आणि तो आम्हाला मावशींनी शिकवला. "आधी खरकटं कोरडंच काढा की. पाणी कशाला ओतताय त्याच्यावर?" नारळाच्या शेंडीनं ताट कोरडं पुसायचं, खरकटं घमेल्यात. मग तीन टब: एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात शेवटचं बुचकळायचं. पहिला घाण झाला की ओतायचा, दुसऱ्याचं पाणी पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, ताजं पाणी फक्त तिसऱ्यात. आज एका पानाला लिटरभराच्या थोडं वर लागतं. साबणाचं पाणी जाळीतून आणि वाळूच्या खड्ड्यातून मागच्या केळींना जातं. केळी काही तक्रार करत नाहीत.

तरी दुकानात जुना मालही चालूच होता. घर त्यावर चालत होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला. माणसं गेली, जनावरं गेली. पाणी ओसरल्यावर काठच्या बाभळींना पिशव्या आणि पत्रावळ्या लोंबत होत्या, माणसाच्या डोक्याच्याही वर. सासरे ते बघून आले, चहा न घेता बसून राहिले आणि म्हणाले, "तो माल आता नको मागवू." एवढंच. यावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

कोरोनाचं काय सांगू. लग्नं पन्नास माणसांत आली, दुसऱ्याच्या ताटाची लोकांना भीती बसली, आमची ताटं पोत्यात गेली. तिसऱ्या टबात कढत पाणी घ्यायची सवय तेवढी त्या काळातून राहिली.

वारीचा अनुभव मात्र वेगळाच. माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा अन्नदान करणाऱ्या एका मंडळाला आम्ही ताटं फुकट दिली. पाचशे दिली, चारशे बारा आली. वारकरी पुढं चालत जाणार, ताट पिशवीत गेलं तर कुणाच्या मागं पळणार? गंमत म्हणजे दिंडीतल्या कित्येक म्हाताऱ्यांकडं स्वतःची ताटली असते, पडशीत बांधलेली. एका आजींनी आमचं ताट परत केलं: "माझं हाय गं माझ्यापाशी." मग पुढच्या वर्षी आम्ही ताटं निम्मीच पाठवली आणि आधी विचारायला सांगितलं, ताटली आहे का? निम्म्याहून जास्त लोकांकडं होती. जास्तीची ताटं लागलीच नाहीत.

हरवण्याचं म्हणाल तर चमचे सगळ्यात जास्त. एकदा जेजुरीला हळदीकुंकवाला गेले तर पाणी आलं ते 'पु' कोरलेल्या पेल्यात. यजमानीणबाई ओळखीच्या. पाणी प्यायले, पेला ठेवला, वाण घेऊन निघाले.

२०२३ ला पावसानं ओढ दिली. ऑक्टोबरअखेर चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात पुरंदर. पुढच्या उन्हाळ्यात एका वाडीवरून सहाशे पानांची ऑर्डर आली. तिथं टँकरच्या पाण्यासाठी बायका पिंपं घेऊन थांबलेल्या, हे मी स्वतः बघून आले होते. आमच्याकडंही विकतचा टँकर चालू होता. मी म्हटलं, "दादा, यंदा पळसाच्या पत्रावळ्या घ्या. खालून प्लॅस्टिक चिकटवलेल्या नको, नुसत्या काडीनं टाचलेल्या. जेवण झालं की उकिरड्यात घाला, खत होईल." ते चिडले. "ताई, तुम्हीच स्टील-स्टील करत फिरता आणि आता पत्रावळ्या सांगताय?" आमच्या ह्यांचंही तोंड उतरलं, सहाशे पानांचं भाडं काही थोडं नसतं.

शेवटी पत्रावळ्या त्यांनी आणल्या आणि पेले तेवढे आमचे नेले. पेला विसळायला घोटभर पाणी पुरतं. सहाशे पेले गेले, पाचशे एक्याऐंशी आले.