शून्यावर टेकलेला आलेख

जुलैतली दुपार. मालवणात पाऊस असा, की प्रयोगशाळेत शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी प्रोजेक्टचं सिम्युलेशन घेऊन आली. दोन अणू, दोन वेगळ्या ऑप्टिकल कॅव्हिटींत, म्हणजे समोरासमोरच्या आरशांमधल्या पोकळीत. सुरुवातीला एकमेकांशी एंटँगल्ड, म्हणजे दोघांची अवस्था एकत्रच सांगावी लागेल असे क्वांटम नात्यात गुंतलेले. अणूने सोडलेला फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आरशांतून गळत गेला की एंटँगलमेंट किती उरतं, त्याचा आलेख.

तो उतरता उतरता शून्यावर टेकला आणि आडवा झाला.

"अगं, कोड चुकलाय. क्षय असा तुटत नाही, शेपूट उरतंच." उत्तर ऋण आलं तर शून्य धरायची ओळ कोडमध्ये होती, ती मी खोडली. वीस वर्षं घातांकी क्षय, म्हणजे दर अर्धायुष्याला निम्मं होत जाणं पण कधीच न संपणं, शिकवला की नजर अशी होते.

तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉपही बंद, बॅटरी कधीचीच बसलेली. शिपाईकाका म्हणाले, "आता रात्रीशिवाय काय येवची नाय."

मग फळा. दोन्ही अणू ऊर्जेच्या वरच्या पातळीवर असण्याची शक्यता ८० टक्के, दोन्ही खाली असण्याची २०. वरचा अणू वरच टिकण्याची शक्यता क्ष. तिने मांडलं: एंटँगलमेंट जपणारं पद ०.४ क्ष. एकच अणू खाली आल्याने होणारा घोळ ०.८ क्ष (१ − क्ष). तो वजा करायचा. क्ष निम्म्यावर आला की बाकी शून्य.

"सर, हे तर एक अर्धायुष्यच!"

अणू अजून निम्मा वर, आणि एंटँगलमेंट संपलेलं. यू आणि एबर्ली या भौतिकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलेला हाच तो 'आकस्मिक मृत्यू'; २००७ मध्ये रिओमध्ये फोटॉनांवर तो प्रयोगातही दिसला. नाव मला पाठ होतं, समोर आल्यावर ओळखलं नाही. ती खोडलेली ओळ तर एंटँगलमेंट मोजायच्या वूटर्सच्या १९९८च्या व्याख्येतलीच.

तिने आकडे उलटे घातले, वर २०, खाली ८०. आता घोळ पहिल्या पदाला गाठतच नाही, शेपूट उरतं. आणि आरसे जवळजवळ न गळणारे असतील तर? फोटॉन आत अडकतो, अणू तो परत गिळतो, क्ष पुन्हा निम्म्याच्या वर चढतो आणि मेलेलं एंटँगलमेंट उठून बसतं. इथे आम्ही दोघंही थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिलो.

पाचलाच लाईट आली. काकांचा अंदाजही चुकला. तिने लॅपटॉप लावला आणि मी खोडलेली ओळ माझ्यासमोरच परत टाईप केली.