आमची वाटचाल : सिरीज बल्ब ते गिटार अँप

दुकानाची पाटी कन्नडमध्ये, नियमाप्रमाणे मोठ्या अक्षरात. बिलबुक इंग्रजीत. हिशेबाची वही मराठीत, वडिलांच्या वेळेपासून. आणि टेबलावर जो माल बनतो, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे अँप, त्याचं घराणं अमेरिकेतलं, १९५० च्या दशकातलं. एवढं सगळं बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या दहा बाय चौदाच्या खोलीत बसतं. मुलगी म्हणाली, "बाबा, सगळ्यांची 'आमची वाटचाल' असते, आपली पण लिहा की. एक पान पुरे." लिहायला बसलो, पण एका पानात सव्वीस ट्रान्सफॉर्मर मावत नाहीत.

वडील रेडिओ रिपेअरी करायचे. व्हॉल्व्हचे सेट, म्हणजे आत ट्रान्झिस्टरच्या जागी तापणाऱ्या काचेच्या नळ्या. शेल्फवर मर्फी, फिलिप्स ओळीनं, प्रत्येकाच्या पाठीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे सिरीज बोर्ड : एक लाकडी फळी, एक होल्डर, त्यात साठ वॅटचा बल्ब, एक सॉकेट. दुरुस्त केलेला सेट थेट लाइनला लावायचा नाही, आधी बल्बातून. बल्ब झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एकदा उजळून मंद झाला तर कंडेन्सर भरले, काम बरं आहे. ती फळी अजून आमच्या टेबलावर आहे, होल्डर तीनदा बदलला असेल. आज नवी मुलं चार हजारांचा मीटर घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी फ्यूज उडवतात. फळी करा आधी. पन्नास रुपयांत मीटर वाचतो.

एका पावसाळ्यात कॅम्पातले अंकल छत्रीखाली एक पिवळसर पेटी घेऊन आले. चर्चमध्ये गिटार वाजवायचे, लग्नाच्या बँडमध्येही. जहाजावर असलेल्या भावानं आणून दिलेला फेंडर चॅम्प, अमेरिकन कंपनीचा छोटा गिटार अँप. एकच बटण, आठ इंची स्पीकर. १२० व्होल्टचा माल त्यांनी सरळ आपल्या २३० ला लावला होता. पेटी उघडल्यावर वार्निश जळाल्याचा जो वास आला तो दुकानातून आठवडाभर गेला नाही. वडिलांनी पॉवर ट्रान्सफॉर्मर सोडवला, वेढे मोजत मोजत तार उतरवली आणि २३० साठी नव्यानं गुंडाळून घेतला. आपली लाइन ५० सायकलची, तिकडची ६०. नुसते दुप्पट वेढे देऊन भागत नाही, लोखंडही जरा जास्त लागतं, हे मला तेव्हा कळलं.

मी त्या चॅम्पचं सर्किट कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलं. तीनच व्हॉल्व्ह : एक १२एएक्स७, एक ६व्ही६ (स्पीकर चालवणारा), एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा). वडील बघून म्हणाले, "हे तर आपल्या रेडिओचं मागचं अर्धं अंग आहे." खरंच होतं. लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्तीवालाच, १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टनला दुकान टाकून बसलेला. हे मी पुढं वाचलं तेव्हा वडील नव्हते. असते तर खूश झाले असते, त्यांना आपल्या धंद्याचा माणूस कुठंही भेटला की बरं वाटायचं.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, मिक्सर, गणपतीत लाउडस्पीकर. पोट भरलं.

२०११ मध्ये अंकलनीच पैसे देऊन परदेशातून घरी जोडायच्या गिटार अँपचं एक किट मागवलं. "तू जोड, मी वाजवतो." कस्टम भरून पार्सल हातात आलं, उघडलं, आणि पुन्हा ट्रान्सफॉर्मर १२० चा! आम्ही दोघं हसत सुटलो. त्या दिवशी ठरलं की किट आपणच बनवायचं, आपल्या लाइनचं, आपल्या हातचं.

बेळगावात राहून हे जमलं नसतं तर कुठंच जमलं नसतं. चॅसीचा पत्रा उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कापून, वाकवून, पावडर कोटिंग करून मिळतो. सुरुवातीला दहा नग करायला कुणी तयार नव्हतं. हायड्रॉलिकच्या हजारो पार्ट्सच्या मध्ये आमचे दहा डबे म्हणजे त्यांना चेष्टाच. लाकूड? जुन्या चॅम्पची पेटी पाइनची. आपल्याकडं सागवान, पण सागवानाची पेटी उचलताना कंबर जाते आणि आवाजही बसका येतो (हे माझं मत, भांडायला तयार आहे). पाइन मिळालं तेही उद्यमबागेतच. परदेशी मशिन ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या फळ्या. खानापूरच्या सुतारानं कोपऱ्यांना बोटं काढून जोड केले, खिळा नाही. आणि वरचं कापड वडगावच्या मागावरचं. साडी विणणाऱ्या माणसाला जाडं सुती कापड, पिवळा आणि तपकिरी धागा तिरका, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "हे नेसणार कोण?" त्यावर चपड्याचं पॉलिश तीन हात. अंकल पेटीवर हात फिरवून नुसते बसून राहिले होते.

ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाले मामा करायचे. वडिलांचे जुने सोबती. त्यांच्याकडं हातानं फिरवायचं काउंटरवालं मशीन, बॉबिन, इनॅमल तारेची रिळं आणि स्टॅम्पिंगच्या, म्हणजे ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पत्र्यांच्या, चळती. व्हॉल्व्हचा सूर स्पीकरला पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर हा अँपचा गळा आहे. व्हॉल्व्ह बदला, कंडेन्सर बदला, दहावीस टक्के फरक. हा बिघडला की सगळं गेलं.

आता मुख्य गोष्ट.

एकाच ६व्ही६ च्या अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून; स्पीकरकडची ती सेकंडरी) सतत डीसी वाहतो, चाळीस मिलीअँपच्या आसपास. म्हणून स्टॅम्पिंग भरताना सगळ्या ई एका बाजूनं, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये कागदाची पातळ पट्टी. ही फट. स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरात तसं नसतं. तिथं ई आणि आय एकाआड एक उलटसुलट भरतात, फट ठेवायची नाही. सिंगल व्हॉल्व्हच्या अँपला तसं भरलं की डीसीच्या चुंबकत्वानं लोखंड तुडुंब होतं, सुराला जागाच उरत नाही. खालचे सूर पहिले जातात.

२०१९ च्या उन्हाळ्यात मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑर्डर हातात होत्या : कोल्हापूर, पणजी, धारवाड, पुण्याचे पाच. मी चाळीस नग बाहेर एका वाइंडिंगच्या दुकानात दिले. नमुना दिला, कागदावर लिहून दिलं. माल वेळेत आला, वार्निश सुंदर, पट्ट्या घट्ट. मी चेक केले. व्होल्ट कमीजास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवरून प्रायमरीला १०० व्होल्ट एसी, सेकंडरीला ४ व्होल्ट. पंचवीसास एक, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर प्रायमरीला ५००० दिसणार (२५ × २५ × ८). बरोबर. तारेचा रेझिस्टन्सही बरोबर. सव्वीस किटं गेली.

ही चाचणी खोटी बोलत नाही, पण अर्धंच बोलते. तिच्यात डीसी कुठं आहे? फट नसलेला ट्रान्सफॉर्मर या चाचणीत पहिल्या नंबरानं पास होतो.

सत्ताविसावं अंकलसाठी जोडलं. त्यांनी जाडी तार छेडली आणि माझ्याकडं बघितलं. "बास कुठं गेला रे? पत्र्याचा डबा वाजतोय." मी व्हॉल्व्ह बदलला, स्पीकर बदलला. रात्री अकराला ट्रान्सफॉर्मरची पट्टी उचकटून बघितली तर ई-आय एकाआड एक, बिनफटीची, देवळाच्या भिंतीसारखी. त्या दुकानात गेलो तर मालक म्हणाला, "फट कशाला ठेवालास? गुणगुणत नाही का ती? आम्ही सुधारून दिलंय की!" नाव लिहीत नाही. तोंडावर एक शब्द बोललो नाही, याचा अजून पश्चात्ताप होतो.

मामा एका डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. बॉबिन ठीक होत्या, फक्त स्टॅम्पिंग काढून परत भरायचं. पण वार्निश पक्कं बसलेलं, निम्म्या पट्ट्या वाकल्या. नवं स्टॅम्पिंग आणलं, पतसंस्थेतलं डिपॉझिट मोडलं. सव्वीसच्या सव्वीस बदलून द्यायचे, पोस्टाचा खर्च आमचा, ज्यांना झाळता येत नाही त्यांच्याकडं मी स्वतः जायचं. चोर्ला घाटातून पणजीला गेलो, पिशवीत सोल्डरिंग आयर्न आणि कुंद्याचा डबा. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला निघालो तर पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आलेली. निपाणीपर्यंत जाऊन पाच ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन परत आलो. रस्ता कित्येक दिवस बंद होता. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं तेवढ्यात चारचौघांत लिहून टाकलं की बेळगावचं किट घेऊ नका. पुरात त्याच्याही घरात पाणी शिरलं होतं, म्हणून राग धरला नाही. थोडा धरला.

नेमक्या त्याच महिन्यात आमचे प्रतिस्पर्धी उगवले. हे गृहस्थ दीड वर्ष आमच्याच टेबलावर माझ्या शेजारी बसून टॅगबोर्ड (पार्ट झाळायच्या टॅगांची पट्टी) भरायचे. मी त्यांना झाळायला शिकवलं : आधी तार आणि टॅग तापवा, मग कथील लावा, टोकावर कथील घेऊन ठिपका देऊ नका. आदल्या दिवाळीला दोघं मिळून पगाराचा हिशेब केला, आणि पाडव्यानंतर ते आले नाहीत. आमच्यापेक्षा अडीच हजारांनी स्वस्त किट. माझे खोळंबलेले गिऱ्हाईक त्यांच्याकडं गेले. धंदा आहे, स्वस्त देणाऱ्याला कोण अडवणार? माझं दुखणं वेगळंच आहे.

किटबरोबर आम्ही सोळा पानांची पुस्तिका देतो. तिच्यात टॅगबोर्डचा नकाशा मी हातानं काढलेला. काढत असताना कागदावर चहा सांडला, सातव्या टॅगचा आकडा पुसला गेला. मी पुढं ८ लिहून मोकळा झालो. म्हणून आमच्या नकाशात ६ नंतर थेट ८ येतो. जोडणीत काही चूक नाही, फक्त ७ नाही. त्यांची पुस्तिका कुणीतरी आणून दाखवली. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा. आणि ६ नंतर ८.

मुलगी म्हणते पुढच्या छपाईत दुरुस्त करू. मी करू देत नाही.

नंतरची वर्षं ठीक गेली. लॉकडाउनमध्ये घरी बसलेल्यांनी किटं घेतली, २०२२ मध्ये रशियाकडून व्हॉल्व्ह येणं अडलं तेव्हा भाव चढले, मग उतरले. वडिलांनी जपून ठेवलेले भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अजून डब्यात आहेत, विकत नाही, मागू नये.

जोडणाऱ्यांसाठी तीन गोष्टी, कुणी विचारल्या नसल्या तरी. आत ३५० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरात बसून राहतात. आधी रेझिस्टन्स लावून उतरवा, मीटरनं बघा, आणि एक हात खिशात ठेवा. पहिल्यांदा चालू केल्यावर शिट्टी आली तर घाबरून व्हॉल्व्ह उपटू नका : स्पीकरकडून मागं येणाऱ्या फीडबॅकची दिशा उलटी लागलीय, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन तारा अदलाबदल करा. आणि ६व्ही६ च्या कॅथोडवरचे व्होल्ट मोजून ४७० नं भागा. करंट चाळीस मिलीअँपच्या फार वर असेल तर मला फोन करण्याआधी रेझिस्टन्सचे रंग पुन्हा वाचा. दहात सात जणांनी ४७० च्या जागी भलतंच लावलेलं असतं.

अंकल आता वाजवत नाहीत, बोटं वळत नाहीत. सत्ताविसावं किट, मामांनी फट घालून दिलेला ट्रान्सफॉर्मर लावून, त्यांच्या दिवाणखान्यात आहे. महिन्यातून एकदा नातवाला वाजवायला लावतात आणि मला फोनवर ऐकवतात. फोनवर बास कुठला ऐकू येणार, पण मी "होय, होय" म्हणतो.

गेल्या पंधरवड्यात चिकोडीचा एक मुलगा अँप घेऊन आला. आवाज पातळ, मध्येच जातो. प्रतिस्पर्ध्यांचं किट. खोटं कशाला बोलू, मी पेचकस हातात घेतला तेव्हा मनात उकळ्या फुटत होत्या. ट्रान्सफॉर्मर उघडला : ई एका बाजूनं, आय दुसऱ्या बाजूनं, मध्ये कागद, जाडी बरोबर. मामांच्या हातचा म्हणून खपला असता. दोष मुलाचाच निघाला. आठव्या टॅगवर कच्चा डाग, तार नुसती टेकलेली. तापवून नीट लावला, सिरीज बल्बवर घेतला, मग लाइनवर. छान वाजला. दीडशे रुपये घेतले.

मुलगा पुस्तिका चाळत होता. म्हणाला, "काका, यात सात नंबरचा टॅग कुठाय? मी दोन दिवस शोधालोय."

मी म्हटलं, चहा सांडला होता.