पाच हजार, खात्यावर जमा
आज एका हार्डवेअरवाल्या काकांच्या गल्ल्याशेजारी बसून होतो, आमच्या अकाउंटिंग अ‍ॅपमधली जमा एंट्री ते कशी करतात ते बघायला. तेवढ्यात एक प्लंबर आला, पाच हजार ठेवले, "शेठ, खात्यावर जमा करा" म्हणाला आणि गेला पण. कुठल्या बिलाचे? कोण विचारतंय! आणि आमचं अ‍ॅप बिल निवडल्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही 😅 मी म्हटलं सगळ्यात जुन्या बिलात आपोआप वळते करू, तर काका म्हणे अजिबात नको, त्या बिलातले दोन नळ गळके निघालेत, ते पैसे त्याने मुद्दाम अडवलेत, तुम्ही ते मिटवलंत तर उद्या भांडण माझ्याशी. म्हणजे नुसतं 'खात्यावर जमा' हवंच, बिलांचा मेळ नंतर सावकाश. त्यात जीएसटी उधारीच्या बिलावर पण भरायचाच, पैसे आले नसले तरी, काकांचं रिटर्न मंथली आहे म्हणजे 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचा तपशील) आणि 20 ला 3बी (टॅक्स भरायचं रिटर्न), त्यामुळे येणं किती आणि टॅक्स किती हे त्यांना शेजारी शेजारी दिसायला हवंय. डॅशबोर्डवरच्या रंगीत पाय चार्टकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सोमवारी डिझाइन रिव्ह्यू आहे, तिथे तो चार्ट उडवायलाच सांगणारे.