दिवा लाल, बॉयलर भरलेला

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने येतात ते कळकट कॅनमधून, कारखान्याच्या बॉयलर ऑपरेटरच्या हातून. त्या शनिवारी घोडबंदर रोडवरून एक निवृत्त टर्नर काका आले ते पिशवीतून बॉयलरच घेऊन. तांब्याचा, सिल्व्हर ब्रेझिंग केलेला (चांदीच्या मिश्रधातूनं सांधलेला), हातभरही लांब नाही. शेजारी बोटभर पिस्टनचं वाफेचं इंजिन. फिनिशिंग असं की आमचा शिपाईसुद्धा झाडू ठेवून बघायला आला.

नातीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी काकांनी त्यात पातळी दाखवणारा दिवा बसवला होता. पाणी सळीला टेकलं की हिरवा, खाली गेलं की लाल. काचनळीत पाणी व्यवस्थित दिसत होतं आणि दिवा मात्र लालच.

"सर्किट बदलून झालं, मॅडम. आता पाणीच तपासा."

"कुठलं घातलंय?"

"एकदम शुद्ध. बॅटरीवाल्याकडचं."

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला, आकडा जेमतेम 2. पाण्यात क्षारच नाहीत तर वीज जाणार कशातून? सळी पाण्यात बुडालेली असूनही सर्किटच्या लेखी बॉयलर कोरडा होता. मी आमच्या नळाचं, म्हणजे बारवी धरणाचं, थोडं पाणी त्यात ओतलं. दिवा हिरवा.

काका खूश होण्याऐवजी वैतागले. "पण नळाच्या पाण्यानं खपली धरते ना?"

प्रश्न रास्त होता. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात आणि प्रत्येक भरणीला वाढत जातात. खपलीतून तांब्याच्या शंभरावा हिस्साही उष्णता जात नाही. काका पक्के कामगार. सोसायटीच्या बोअरवेलचं आणि सॉफ्टनरचं पाणीही बाटल्यांत घेऊन आले होते. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढायला घेतला. जितकं जास्त ईडीटीएचं द्रावण लागेल तितकं पाणी जड. बोअरवेलच्या नमुन्याचा लालसर रंग निळा व्हायला ब्युरेटमधलं ईडीटीए संपतच चाललं. ते पाणी बाद. सॉफ्टनरचं थेंबाथेंबात निळं झालं, पण तेही मी नको म्हटलं. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. उकळताना पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं. एवढ्याशा पिस्टनपुढे पाणी अडकलं तर कनेक्टिंग रॉड वाकायला वेळ लागत नाही.

मग माझी नजर फिटिंगवर गेली. पितळी बुशचे (फिटिंग बसवायच्या कड्यांचे) आटे एका बाजूनं गुलाबी दिसत होते. नुसतं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि गरम झालं की पितळेतलं जस्त ओढून घेतं. मागे उरतं सच्छिद्र तांबं. दिव्यापेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटली. बुश गनमेटलचे (तांबं-कथलाचा मिश्रधातू, त्यात जस्त नाममात्र) करा म्हटलं, तर काका म्हणाले, "लेथ घरीच आहे."

कारखान्यांना आम्ही पीएच साडेदहाच्या वर ठेवायला सांगतो, फॉस्फेट, सल्फाइटचे डोस देतो. ते पोलादी बॉयलरचं शास्त्र. इथे त्यातलं काही लागत नाही, आणि अमोनिया असलेलं रसायन तर तांब्याजवळही आणू नये. काकांना सांगितलं ते एवढंच: बॅटरीच्या पाण्यात दिवा हिरवा होईल इतपत धरणाचं पाणी मिसळा, खेळ संपला की उरलेलं ओतून टाका, खपली दिसली तर सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण वापरा. संडास धुवायचं ॲसिड त्यांच्या मनात होतं. ते हाणून पाडलं.

रिपोर्ट करताना खरी पंचाईत झाली. 25 लिटरच्या आतला बॉयलर कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पण आमच्या सॉफ्टवेअरला ते कुठं माहीत! 'क्षमता, टन प्रति तास' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. शून्य चालत नव्हतं. शेवटी 0.001 टाकलं. आमच्या साहेबांनी सहीला आलेला कागद पाहून विचारलं, "ही कुठली कंपनी?"