कन्फेशनच्या रांगेत

आज ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शनिवार. वसईत चर्चमध्ये कन्फेशनची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायची, रांग थेट दारापर्यंत आणि रांगेत कुजबुज एकच, "फादरना नेमकं सांगायचं काय?"

बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून घरूनच मनाची झडती घेऊन यावं. गंभीर पाप असेल तर त्याचा प्रकार आणि साधारण किती वेळा, एवढंच. "शेजारी भांडखोर म्हणून मी..." हे पुराण नको, ती दुसऱ्याची पापं झाली. एखादं पाप खरोखर विसरलं तर त्याचीही क्षमा होते, आठवलं की पुढच्या वेळी सांगायचं. पण लाजेपायी मुद्दाम दडवलं, तर सगळं कन्फेशनच निष्फळ. फादरांचं भय नको. चर्चच्या कायद्यातल्या कलम (कॅनन) 983 प्रमाणे त्यांना त्यातलं अवाक्षर कुठे बोलता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ कन्फेशननंतर फादर देतात त्या प्रायश्चित्ताचा. तीनदा 'नमो मारिया' ही प्रार्थना म्हणजे क्षमेची किंमत नव्हे हो! बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातला, बापाचा पैसा उधळून घरी परतणारा पोरगा बोलणं ठरवून येतो, पण "मला चाकरासारखं ठेवा" हे त्याच्या ओठांवरच राहतं. बापाने तोवर त्याच्यासाठी झगा, अंगठी, वहाणा मागवलेल्या असतात, क्षमा विकत घ्यावी लागतच नाही.

चोरलेले पैसे मात्र परत करावेच लागतात. मालक हयात नसेल तर त्याच्या वारसांना.